भाभींचं मधलं जोडपान

भाभी, मधल्या जोडपानावर तुमचं नाक बरोबर पिनेत आलं होतं. बाकीचं सावकाश सांगतो, पण हे आधी सांगून मोकळा होतो. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर माझी खैर नव्हती.

तुमच्याच खुर्चीत बसून लिहितोय. खुर्ची तुमच्या मापाने वर केलेली, त्यामुळे माझे गुडघे टेबलाला लागतात. खाली करता येते, पण हात लावला नाही. तुमचा पारसभैया काल म्हणाला, "बस रे, दुकानात आलेल्या माणसाला कुणीतरी बसलेलं दिसलं पाहिजे." म्हणून बसलोय. बाहेर लग्नपत्रिकांचे नमुने टांगलेत, पडद्यामागे शकीलभाई मशीन पुसतोय, आणि मी तुमच्याच कॉम्प्युटरवर तुम्हालाच इकडून तिकडे सरकवून बसलोय.

आपल्या अंकाची माहिती तुम्हाला काय सांगायची. पण वाचणाऱ्यांत नवीन लोक असतात, आणि नवीन माणसाला दारात उभं ठेवायचं नाही हा तुमचाच कायदा. तर नवीन मंडळी, हा अंक म्हणजे धुळ्यापासून जळगावपर्यंतच्या लग्नातल्या बँडवाल्यांचा, भजनवाल्यांचा, ऑर्केस्ट्रावाल्यांचा आणि पेटी दुरुस्त करणाऱ्यांचा. म्हणायला मासिक, निघतो वर्षातून चारदा. काढायच्या भाभी. लग्नपत्रिका छापता छापता त्यांना वाटलं की ज्याच्या लग्नाची पत्रिका त्याचं नाव सोनेरी अक्षरात येतं, आणि जो भर उन्हात वाजवतो त्याचं कुठेच येत नाही. अख्खा अंक काळा-पांढरा, फक्त मधली दोन पानं रंगीत. ते जोडपान एका बँडचं किंवा एका गाणाऱ्याचं. अंक मिळाला की लोक पिना काढतात, जोडपान उलगडतात, फ्रेम करून भिंतीवर लावतात. आपला अंक वाचतात किती ते देव जाणे, पण टांगतात सगळे.

आणि म्हणूनच पिनेचा कायदा. माझ्या आधीची गोष्ट, पण तुम्ही इतक्यांदा सांगितली की मीच तिथे होतो असं वाटतं. पहिल्याच अंकात धुळ्याच्या एका सनईवाल्या आबांचा फोटो जोडपानावर आला. चेहरा मधोमध, एकदम झकास. आबांनी फ्रेम केली. मग एकदा तुम्ही त्यांच्या घरी गेलात तर भिंतीवरच्या आबांच्या कपाळावर पिनेची दोन भोकं, आणि त्यांच्यावर लाल स्केचपेनने लावलेला लांबलचक टिळा. तुम्ही माफी मागायला लागल्या तर आबा म्हणाले, "उलट बरं झालं भाभी, आधी कपाळ मोकळंच होतं."  तेव्हापासून पिनेवर ढोलाची दोरी चालेल, बॅनरचा बांबू चालेल, मास्तरची काठी चालेल. माणसाचं तोंड चालणार नाही.

मी या दुकानात आलो तो बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका न्यायला, धरणगावहून. पत्रिका बांधून होईपर्यंत वेळ जात नव्हता म्हणून मी मशीनचा आवाज काढला. खटाक-फुस्स, खटाक-फुस्स. शकीलभाई धावत बाहेर आला, "भाभी, मशीन किसने चालू किया?" तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कांई रे, काय काय काढतो तू?"

"एसटी काढतो, बकरी काढतो, आमचे हेडमास्तर काढतो. पुढाऱ्यांमध्ये तीन आहेत, पण ते तिघं सारखेच वाटतात."

"क्लॅरिनेट काढतो?"

मी काढली. तुम्ही डोळे मिटले आणि पत्रिकेच्या रद्दी कागदावर पेन्सिलीने एक रेघ ओढली, डावीकडून खाली येऊन उजवीकडे वर गेलेली. "हा ढोल कर." ढोल केला. तुम्ही कडेला जाडजूड गोळा काढला. मला वाटलं बाईला काहीतरी झालंय. नंतर कळलं, तुम्ही पान लावत होत्या.

हे तुमचं तंत्र मी अजून कुणाकडे पाहिलं नाही. फोटो आले की तुम्ही मला समोर बसवायच्या. "चल टेप, चालू हो." मी तोंडाने वाजवायचो, एकेक वाद्य, आणि तुम्ही माणसं मांडायच्या. जोरात वाजणारा काठाला, बारीक वाजणारा आत. दोन ढोल शेजारी नाही, कारण मग पान एका बाजूला कलंडतं. तुरईवाल्याच्या समोर थोडा आभाळाचा तुकडा पाहिजे, नाहीतर त्याचा आवाज कुठे जाणार. पारोळ्याच्या बँडचं पान लावलं तेव्हा मी पाऊण लग्न वाजवलं असेल, घसा बसला. तुम्ही गरम पाणी दिलं आणि म्हणालात, "हळद टाकलीय. पी आणि आता झांज कर."

एवढी सगळी माणसं दोन पानांत बसायची आणि तरी प्रत्येकाला वाटायचं की पान आपलंच आहे. हे कसं जमायचं ते मी शेजारी बसून बघूनही मला नीट कळलेलं नाही. आता स्वतः करायला बसलो तर जास्तच कळेनासं झालंय.

आपलं भांडण एकच होतं, आणि ते राहूनच गेलं. मोकळ्या जागेचं.

मी मोबाइलवर बाहेरची भारी भारी मासिकं बघायचो. एक गिटारवाला कोपऱ्यात, बाकी दोन्ही पानं पांढरी. मला ते फार आवडायचं. म्हणून पहूरच्या त्या पेटीवाल्या नानांचं जोडपान मी लावलं. नाना उजवीकडे खाली, पेटीवर बोटं ठेवून, आणि डावं पान पूर्ण रिकामं. तुम्ही प्रिंट हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"नाना कुठे निघालेत?"

"कुठे म्हणजे?"

"असे पानाच्या टोकाला जाऊन बसलेत. कुणी रागावलं का त्यांना?"

"भाभी, ही मोकळी जागा आहे. सूर थांबल्यावर कशी शांतता असते, तशी."

"ती शांतता तू त्यांच्या बायकोला समजाव. ती विचारेल की बाकीचं पान कुणाला दिलं."

शकीलभाई पडद्यामागून हसला. मी हटलो नाही. म्हटलं, "मी नक्कल करताना मध्येच थांबतो की नाही? थांबलो नाही तर मजा येत नाही."

"तू थांबतो कारण लोकांना हसायला वेळ लागतो. पानासमोर कोण हसायला बसलंय?"

मला उत्तर आलं नाही. नानांच्या डाव्या पानावर तुम्ही त्यांच्या पेटीचा मोठा फोटो टाकला, पहूरचा बाजार टाकला, आणि नानांचे दोन चेले टाकले. नाना त्या फ्रेमखाली बसून चहा पितात आता. मी स्वतः पाहिलंय, पान सुंदरच दिसतं. तरी माझं मन मानत नव्हतं. आणि तुम्हालाही ते माहीत होतं, कारण त्यानंतर प्रत्येक पान झालं की तुम्ही मुद्दाम म्हणायच्या, "बघ रे टेप, कुठे शांतता राहिली असेल तर भरून काढ."

आता तुमच्या फोटोबद्दल. तुमचा एकच धड फोटो आहे, भाभी. तुम्ही काढूच द्यायच्या नाहीत. "फोटोत मी माझ्या सासूसारखी दिसते," म्हणायच्या. हा फोटो पारोळ्याचा, किल्ल्याजवळचा. बँड पूर्ण ड्रेसमध्ये ओळीने उभा. फोटोग्राफर म्हणाला, ऊन बघायचंय, मध्ये कुणीतरी उभं राहा. तुम्ही उभ्या राहिलात, कारण उन्हाला नाही म्हणता येत नाही. आणि मी फोटोग्राफरच्या मागून तुमचाच आवाज काढला. "अरे ओ, कांई टाइमपास चाललाय, पेपरवाला थांबलाय का तुमच्यासाठी?" अख्खा बँड हसला, तुम्ही मला मारायला हात उचलला, आणि त्याच वेळी बटण दाबलं गेलं. हात वर, पदर वाऱ्यावर, तोंडभर हसू. सासूसारख्या अजिबात दिसत नाही.

त्याच दिवशीची दुसरी गोष्ट तुम्ही विसरल्या असाल, मी विसरलो नाही. बँडच्या उजव्या टोकाला सुकलालभाऊ उभा होता. तो खुळखुळा वाजवतो. लग्नात ढोल आणि तुरईच्या पुढे खुळखुळा कुणाला ऐकू येतो, पण तो सगळ्यात मन लावून वाजवतो. फोटोग्राफर म्हणाला, "टोकाचे ते भाऊ फ्रेममध्ये बसत नाहीत, चालेल ना?" बँडचे रघू मास्तर काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "तो बसत नसेल तर तू मागे सरक. मागे भिंत असेल तर भिंतीवर चढ." तो चढला. म्हणून त्या फोटोत सुकलालभाऊ आख्खा आहे, खुळखुळ्यासकट. रघू मास्तर नंतर मला म्हणाले, "इतला वरीस वाजाडी राहिनूत, पण बठ्ठा पोऱ्या एक फोटूमा पहिल्यांदा उनात." सगळी पोरं एका फोटोत पहिल्यांदाच आली म्हणे.

दवाखान्यातून तुमचा फोन आला तेव्हा मी बसस्टँडवर होतो. आवाज बारीक झाला होता, पण प्रश्न तोच.

"या वेळी मधलं पान कुणाचं?"

"अजून ठरलं नाही."

"अरे मग लग्नं काय तुझ्यासाठी थांबणार का?"

आणि मी माझ्या सवयीने म्हणालो, "तुमचंच टाकतो भाभी."

तुम्ही हसलात. म्हणालात, "टाक. पिनेवर आले तर याद राख."

गंमत करायची म्हणून बोललो होतो. गंमत करायची म्हणूनच तुम्ही उत्तर दिलं. त्यानंतर आपण बोललो नाही. अजून काही बोलायला हवं होतं का, याचा मी खूप विचार केला. तुम्ही मला काय काय दिलं वगैरे. पण मी तसलं बोललो असतो तर तुम्ही विचारलं असतं, ही कुणाची नक्कल आहे.

तुमच्या उठावण्याच्या शोकसभेला हॉल भरला होता. पांढऱ्या कपड्यांत शेठ लोक, आणि मागे आपले बँडवाले, तेही पांढऱ्यात. बिनड्रेसचे बँडवाले ओळखू येत नाहीत. कागदवाले शेठ माझ्या शेजारी येऊन बसले. हळूच म्हणाले, "आता तरी खरं सांग. भाभींच्या आवाजात जे फोन मला यायचे, त्यातले तुझे किती आणि त्यांचे किती?"

मी म्हटलं, "निम्मे निम्मे."

"कोणते तुझे?"

"गोड बोलले ते माझे."

ते तोंडावर रुमाल धरून हसले, मग तोच रुमाल डोळ्यांना लावला. दुसरे एक-दोघं म्हणाले, भाभींचा आवाज काढ ना एकदा. मी नाही म्हटलं. भाव खात नव्हतो, भाभी. मला वाटलं काढायला जाईन आणि निघणारच नाही.

मग पान लावायला बसलो. आणि बघा माझी मजा. जन्मभर मोकळ्या जागेसाठी भांडलेला माणूस मी, आणि तुमच्या पानात मी काय काय कोंबलं. सोनेरी बॉर्डर घातली. चार कोपऱ्यांत झेंडू. तुम्ही छापलेल्या पत्रिका पंख्यासारख्या पसरल्या. जुन्या अंकांची कव्हरं. तुमचा चष्मा. एक समईसुद्धा घातली, दोनदा. शकीलभाईने प्रिंट पाहिली आणि म्हणाला, "भाभी किधर है इसमें?" खरंच शोधावं लागत होतं.

पारसभैयाचं म्हणणं वेगळं. तो म्हणाला, "बँड काढून टाक. मम्मीचा चेहरा मोठा कर, दोन्ही पानांवर." मी म्हटलं, "पिनेचं काय?" तो म्हणाला, "पिनेला कोण बघतं?" त्याचं चुकलं नाही, तो कापडाच्या धंद्यात आहे.

मग मी सगळं पुसलं आणि नुसता पारोळ्याचा फोटो ठेवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तुमच्या पद्धतीने. कागदाचा तुकडा वाया नाही. आणि तुम्ही बरोबर मधोमध. पिन तुमच्या नाकात. फोटो उजवीकडे सरकवला की तुम्ही पिनेतून सुटता, पण तिकडच्या टोकाचा सुकलालभाऊ कापला जातो. डावीकडे सरकवला तर डावीकडचा मोठा ढोलवाला अर्धा जातो. तुम्हाला वाचवू की सुकलालभाऊला, असं झालं. तुम्ही काय केलं असतं ते मला ठाऊक आहे, तुम्ही स्वतःला काढून टाकलं असतं. पण ते मी करणार नव्हतो.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी स्वतःलाच म्हटलं, चल टेप, चालू हो. आणि तोंडाने पारोळ्याचा बँड वाजवायला लागलो, डावीकडून, ओळीने. मोठा ढोल, मग तुरई. पण सुरू करताना अडखळलो. बँड असा एकदम सुरू होत नाही. आधी रघू मास्तर काठी वर करतात. तेवढ्या वेळात सगळे गप्प असतात. घोडा गप्प, नवरदेवाचे मित्र गप्प. आणि मग ढोल पडतो.

ती गप्प जागा पानात कुठे होती?

मी फोटो थोडा लहान केला. कुणाला कापलं नाही, सगळ्यांना सारखंच लहान केलं, आणि उजव्या काठाला टेकवला. डावीकडे हातभर नाही, चार बोटांची पट्टी कोरी राहिली. मोठा ढोलवाला तिथून सुरू होतो. तुम्ही सरकून उजव्या पानावर आलात. पिन येते तुमच्या आणि क्लॅरिनेटवाल्याच्या मध्ये, जिथे नुसती किल्ल्याची भिंत आहे. सुकलालभाऊ आख्खा. आणि तुमचा वर केलेला हात असा दिसतो की काठी तुम्हीच उचललीय.

तुम्ही विचारलं होतं ना, पानासमोर कोण हसायला बसलंय. उत्तर आता आलं, भाभी. पान उघडणाऱ्यालाही वेळ लागतो. हसायला नसेल, पण तुम्ही दिसायच्या आधी श्वास घ्यायला.

पारसभैयाने पाहिलं.  मग त्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. "ही जागा वाया गेली. इथे घरच्यांची नावं टाक. शोकाकुल म्हणून."

"भैया, ती राहू दे."

"का? काकांचं नाव नाही, मामांचं नाही. लोक काय म्हणतील. नाहीतर जाहिरात टाक, मम्मीने कधी अशी जागा सोडली नसती."

हे खरं होतं. एकदम खरं. मशीन पडद्यामागे चालू होतं, आणि माझ्या तोंडून निघालं. मी काढला नाही भाभी, निघाला. तुमचा आवाज.

"रैवण दे नी, पारस. जगा खाली ही चोखी लागै."

राहू दे, जागा मोकळीच छान दिसते. शकीलभाईने मशीन बंद केलं. पडदा बाजूला करून तो बघत राहिला. पारसभैया खुर्चीकडे बघत होता, म्हणजे माझ्याकडे, पण माझ्याकडे नाही.

तो म्हणाला, "मम्मी असं कधीच बोलली नसती."

"नाही."

"ती म्हणाली असती, मिठाईवाल्याला फोन लाव, जाहिरात घे."

"हो."

"आवाज मात्र तिचाच होता." त्याने नाक पुसलं. मग म्हणाला, "राहू दे मग."

तुमच्या तोंडी मी माझं वाक्य घातलं. भांडण असं जिंकायचं नसतं हे कळतं मला. पण तुम्हीही पहूरच्या नानांच्या पानावर मला न विचारता बाजार घातला होता. फिट्टंफाट.

आज सकाळी रघू मास्तर आणि सुकलालभाऊ पारोळ्याहून आले, प्रिंट बघायला. सुकलालभाऊने आधी स्वतःला शोधलं, मग तुम्हाला. डावीकडच्या कोऱ्या पट्टीवर त्याने तळहात फिरवला, जसा तो खुळखुळा पुसतो तसा.  जाताना दारात थांबला आणि सवयीने विचारलं,

"भाभीले दखाडं का?"

मास्तरांनी त्याचा दंड धरला. त्याच्याही लक्षात आलं.  पण भाभी, त्याचं काय चुकलं? तुम्हाला न दाखवता या दुकानातून एकही पान मशीनवर गेलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो. मी तुम्हाला पान दाखवतोय.

हे बघा. डावीकडून चार बोटं काहीच नाही. मग मोठा ढोल, तुरईवाले, त्यांच्या पुढे आभाळ. मग क्लॅरिनेट. मग पिन, तिथे कुणी नाही. मग तुम्ही, हसताय. मग झांजा, आणि एकदम काठाला सुकलालभाऊ, दोन्ही खुळखुळे दिसतात. खाली फक्त तुमचं नाव, सोनेरी. एवढंच आहे. काही बदलायचं असेल तर लगेच सांगा, शकीलभाईने शाई घातलीय.